हौद आणि रेषा

एका गावात एक दगडी हौद होता. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पुरुषभर उंचीपेक्षाही खोल. भिंती ओळंब्यात उभ्या, तळ सपाट. वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळे ऊन थेट पाण्यावर पडत नसे. विहिरीला पाणी असेतो ते ओढून हौदात साठवायचं आणि विहीर आटली की मृगापर्यंत हौदावर काढायचं, अशी गावाची जुनी रीत होती. मधली बरीच वर्षं हौद अर्ध्याच्या फारसा वर गेलाच नव्हता. त्या साली गावानं गाळ काढला, सांधे भरून घेतले, पाऊसही बरा झाला. होळीच्या दिवशी पाणी २४० सेंटीमीटरच्या खुणेला टेकलं तेव्हा म्हाताऱ्यांनी नारळ फोडला.

गावात साठ घरं होती. अठ्ठेचाळीस गावठाणात आणि बारा ओढ्यापलीकडच्या वाडीवर. वाडीवरची माणसं वीटभट्टीच्या कामाला म्हणून आली आणि तिथंच राहिली. त्यांची पोरं गावातच जन्मली, गावच्याच शाळेत शिकली. तरी गाव तिला ‘नवी वाडी’च म्हणे.

सरपंचांनी नेम घालून दिला. घरटी रोज पाच हंडे. हंडा वीस लिटरचा. साठ घरांचे तीनशे हंडे, म्हणजे सहा हजार लिटर. हौदाचा तळ दोनशे चौरस मीटर. तेव्हा सहा हजार लिटर काढले की पाणी तीन सेंटीमीटर उतरणार. राखणदारानं दर चौथ्या दिवशी सकाळी पातळी बघायची आणि चावडीवर येऊन सांगायची.

“किती दिवस पुरेल?” सरपंचांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांना उत्तर तोंडपाठ सांगता आलं असतं. पण दहावीच्या वर्गात त्याच महिन्यात रेषीय समीकरणांची उजळणी चालू होती, तेव्हा त्यांनी प्रश्न वर्गात नेला. फळ्यावर लिहिलं: य = २४० − ३क्ष. क्ष म्हणजे होळीपासूनचे दिवस, य म्हणजे हौदातलं पाणी. आलेखाचा कागद तिघांना दिला आणि म्हणाले, ज्याला जशी काढता येईल तशी रेषा काढा.

वाण्याचा मुलगा तक्त्याचा माणूस. दुकानात बसून त्याला वहीत रकाने आखायची सवय होती. त्यानं क्षच्या रकान्यात ०, १०, २०, ३० लिहिलं, यच्या रकान्यात २४०, २१०, १८०, १५०. चार जोड्यांची चार टिंबं दिली आणि पट्टी लावून जोडली.

सरपंचांच्या मुलीला एवढी टिंबं देण्याचा कंटाळा. ती म्हणाली, दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, मग चार कशाला? तिनं क्ष शून्य धरला, य आला २४०. य शून्य धरला, क्ष आला ८०. एक टिंब उभ्या अक्षावर, एक आडव्या अक्षावर, मध्ये पट्टी. तिची खोडच अशी होती की कुठलीही रेषा दोन्ही अक्षांना टेकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अर्ध्यात सोडलेली रेघ दुसऱ्याच्या वहीत दिसली तरी ती हळूच पुरी करून ठेवी.

तिसरा मुलगा वाडीवरचा. तो समीकरणाकडे बघूनच चालायला लागे. २४०वर पेन्सिल टेकवायची. दहा दिवस उजवीकडे, तीस सेंटीमीटर खाली. पुन्हा दहा दिवस उजवीकडे, तीस खाली. चढ उणे तीन, म्हणजे दिवसाला तीन उतरायचं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मास्तर त्याला गमतीनं ‘पायऱ्या उतरणारा’ म्हणत.

मास्तरांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. तिन्ही रेषा एकमेकींवर चोख बसल्या.

मग त्यांना गोष्ट सांगायची लहर आली. आकड्यांचं समीकरण आणि कागदावरची रेघ यांची गाठ घालून देणारं रने देकार्त या फ्रेंच माणसाचं पुस्तक १६३७ साली निघालं, आणि त्याच सुमारास फर्मा नावाचा दुसरा फ्रेंच माणूसही त्याच विचारापाशी पोचला होता, एवढं त्यांनी भराभर सांगून टाकलं. पण त्यांचा जीव होता तो वडिलांच्या गोष्टीत. वडील रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. त्यांच्यापुढे मोठा चार्ट पसरलेला असे. आडवी वेळ, उभी स्टेशनं. गाडी निघाली की तिची रेघ पेन्सिलीनं पुढे सरकवायची. मेलची रेघ उभट, मालगाडीची लवलेली, आणि गाडी स्टेशनात उभी राहिली की रेघ आडवी.

“आणि दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना कापतात तिथं क्रॉसिंग,” मास्तर म्हणाले. “एकेरी मार्ग असेल तर ते स्टेशनातच व्हायला हवं, नाहीतर गाड्या समोरासमोर. म्हणून कंट्रोलर त्या फुलीकडे दोनदा बघतो. खाली बघतो, किती वाजता. डावीकडे बघतो, कुठं. नुसतं ‘किती वाजता’ कळून काही उपयोग नाही.”

पोरांनी ऐकलं, घंटा झाली, पोरं घरी गेली.

आलेख चावडीच्या भिंतीवर लागला. आडव्या अक्षावर एक सेंटीमीटरला पाच दिवस, उभ्या अक्षावर एक सेंटीमीटरला दहा सेंटीमीटर पाणी. सरपंचांनी जमलेल्यांना सांगितलं, “तीन पोरांनी तीन रीतींनी काढलं, तिघांचंही उत्तर एकच. ऐंशी दिवस. मृगापर्यंत काळजी नाही.” लोकांना बरं वाटलं. तीन जण एकच सांगतात म्हणजे ते खरंच असणार.

चौथ्या दिवशी राखणदार सांगत आला, २२०. मास्तरांनी टिंब दिलं. रेषेप्रमाणे २२८ हवं होतं. लोक म्हणाले, धुळवडीला पोरांनी पाणी उडवलं असेल. आठव्या दिवशी २००. हवं होतं २१६. आता कुणी धुळवडीचं नाव काढलं नाही. बाराव्या दिवशी १८०.

सरपंचांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी पट्टी लावली. २४०, २२०, २००, १८०, चारही टिंबं एका रेषेत होती, पण ती रेषा वेगळी होती. दिवसाला तीनऐवजी पाच उतरणारी. सरपंचांच्या मुलीनं सवयीप्रमाणे ती खाली आडव्या अक्षापर्यंत ओढली. रेषा ४८वर टेकली.

ऐंशीचे अठ्ठेचाळीस. चावडीत कुणीच बोललं नाही. मग सगळेच बोलायला लागले.

दिवसाला दोन सेंटीमीटर पाणी कुठंतरी जात होतं. म्हणजे चार हजार लिटर, म्हणजे दोनशे हंडे. राखणदार दिवसभर हौदावर असे, मोजून हंडे देई, त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. मग पाणी जातं ते रात्रीच. आणि रात्री नेणार कोण? कुणीतरी सांगितलं, ओढ्याच्या काठची माती ओली दिसते. वाडीच्या वाटेवरच. दुसरा म्हणाला, हरळीसुद्धा हिरवी झाली आहे तिथं, एवढ्या उन्हाळ्यात. तिसऱ्यानं काही सांगितलं नाही, नुसता ओढ्यापलीकडे बघत राहिला.

वाडीवरचा मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, “दोनशे हंडे म्हणजे आमच्या घराघराला सतरा होतात. एका रात्रीत. ओढा उतरून, पुन्हा चढून. एवढं पाणी ठेवायचं तरी कशात?”

“पोरा, तू गप,” असं त्याला सांगण्यात आलं. हिशोब बरोबर होता, पण तो वाडीवरच्याच पोराचा.

सोळाव्या दिवशी पातळी १६० झाली. नवी रेषाही तेच सांगत होती. सरपंचांनी पहारा बसवायचं ठरवलं. कोण बसणार, कुणाच्या घरचा कंदील, कुणाच्या घरची घोंगडी, या घोळात दिवस गेले आणि विसाव्या दिवशी संध्याकाळी दोन तगडे गडी काठ्या घेऊन हौदाच्या पायऱ्यांवर बसले. त्याच दिवशी सकाळी राखणदारानं पातळी सांगितली होती, १४४. गडबडीत तिकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

चोविसाव्या दिवशी पातळी आली १३२.

चार दिवसांत बाराच सेंटीमीटर. दिवसाला तीन. ठरल्याप्रमाणे.

गावात एकच चर्चा. पहारा बसला आणि चोरी थांबली! वाण्याच्या दुकानासमोर, पारावर, पाणवठ्यावर, जो तो हेच बोलत होता. वाडीवरच्या बाया हंडे घेऊन आल्या की रांग जरा बाजूला सरे. एका म्हातारीनं तर राखणदाराला सांगितलं, यांचे हंडे आमच्यानंतर भर. वाडीवरच्या बायकांनी ऐकलं आणि काही न बोलता हंडे खाली ठेवले.

अठ्ठाविसाव्या दिवशी पातळी आली १२०. आता कुणाला शंका राहिली नाही. त्या रात्री चावडीवर बैठक भरली. वाडीवरच्या बारा घरांतले चार कर्ते पुरुष बोलावणं आलं म्हणून आले आणि दारापाशी बसले. त्यांच्यातला वयानं मोठा होता, त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं.

सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते भिंतीवरच्या आलेखापाशी गेले आणि बोट ठेवून म्हणाले, “मी माझ्या मनचं काही सांगत नाही. हा कागद बघा. पोरांनी, मास्तरांनी काढलेला. पहारा बसला नव्हता तोवर ही अशी उतरंड. पहारा बसला विसाव्या दिवशी. आणि विसाव्या दिवसापासून बघा, रेघ कशी वळली.”

खरंच होतं. विसाव्या दिवसाच्या टिंबाच्या अलीकडे रेघ उभट होती, पलीकडे निवांत. गावातल्या अडाण्यालाही दिसावं इतकं ते स्वच्छ होतं.

“तेव्हा वाडीला आजपासून पाचऐवजी दोन हंडे,” सरपंच म्हणाले. “गेलेलं पाणी भरून निघेपर्यंत.”

लिहिणाऱ्यानं वही उघडली.

सरपंचांची मुलगी बापासाठी जेवणाचा निरोप घेऊन आली होती आणि खांबाला टेकून आलेखाकडे बघत होती. तिला त्या कागदात एक गोष्ट खुपत होती. दिवसाला पाच उतरणारी जुनी रेषा उभ्या अक्षापासून निघून आडव्या अक्षाला टेकली होती. नव्या टिंबांची रेषा मात्र अधांतरीच होती; विसाव्या दिवसाला सुरू होऊन अठ्ठाविसाव्याला संपलेली. ना इकडे टेकलेली, ना तिकडे.

ती पुढे झाली. लिहिणाऱ्याच्या हातातली पेन्सिल तिनं घेतली, मास्तरांची पट्टी घेतली. १४४, १३२, १२० या तीन टिंबांना पट्टी लावली आणि आधी खाली रेघ ओढली. ती ६८वर टेकली. मग पट्टी न हलवता ती वर ओढायला लागली, उभ्या अक्षाकडे.

“काय चाललंय तुझं?” सरपंच म्हणाले.

“रेषा पुरी करते आहे, आबा.”

रेघ वर गेली आणि २०४वर उभ्या अक्षाला टेकली. पण तिथं पोचण्याआधी तिनं जुन्या रेषेला कापलं होतं. मुलीनं पट्टी उचलली आणि वाकून बघितलं. मग तिनं कंदील मागितला.

आलेखाच्या कागदावर बारीक घरं असतात, एकेक मिलिमीटरची. दोन रेषा जिथं एकमेकींना कापत होत्या ती फुली विसाव्या दिवसाच्या उभ्या ओळीवर नव्हती. तिच्या डावीकडे चार घरं होती. चार मिलिमीटर. पाच दिवसांना एक सेंटीमीटर, तेव्हा चार मिलिमीटरला दोन दिवस.

“आबा,” ती म्हणाली, “पाणी विसाव्या दिवशी थांबलेलं नाही. अठराव्या दिवशी थांबलंय.”

“म्हणजे?”

“पहारा बसायच्या दोन दिवस आधी.”

कुणीतरी म्हणालं, पेन्सिलीच्या रेघेत चार मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचेच. मास्तर उठले. त्यांनी चष्मा लावला, खडू घेतला आणि चावडीच्या फरशीवर दोन समीकरणं लिहिली. य = २४० − ५क्ष. य = २०४ − ३क्ष. दोन्हीकडचा य एकच असेल तर २४० − ५क्ष बरोबर २०४ − ३क्ष. छत्तीस बरोबर दोन क्ष. क्ष अठरा.

“रेघ इकडेतिकडे झालेली नाही,” ते म्हणाले. “आणि पडताळा हवा तर विसावा दिवस बघा. सोळाव्याला पाणी १६० होतं. विसाव्यापर्यंत चोरी चालू असती तर विसाव्या सकाळी १४० निघायला हवं होतं. निघालं १४४. चार सेंटीमीटर जास्त, आणि तेव्हा काठ्या घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.”

वाण्याच्या मुलानं वही काढली. पहाऱ्याला दिलेल्या रॉकेलची नोंद तिच्यात होती. विसावा दिवस, संध्याकाळ. तारीख चुकलेली नव्हती.

सरपंच खाली बसले. जरा वेळानं म्हणाले, “बरं. चोर अठराव्या दिवशी थांबले म्हणू. पहारा बसणार याची कुणकुण लागली असेल.” हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. काही माना हलल्याही. मनात धरलेला संशय दोन दिवसांच्या फरकानं सुटत नाही. तो दोन दिवस मागे सरकून बसतो.

मुलगी अजून कागदापाशीच होती. तिनं मास्तरांकडे बघितलं. “मास्तर, कंट्रोलर फुलीकडे दोनदा बघतो ना?”

मास्तरांच्या लक्षात आलं. ते काही बोलले नाहीत, तिला बघू दिलं.

तिनं फुलीवर बोट ठेवलं आणि या वेळी खाली न जाता डावीकडे गेली. सरळ, आडव्या ओळीनं, उभ्या अक्षापर्यंत. तिचं बोट १५०वर थांबलं.

“दीडशे सेंटीमीटरला काय आहे?” तिनं विचारलं.

कुणाला प्रश्नच कळला नाही. दीडशेला काय असणार? पाणी.

“नाही. हौदाला. दीडशे सेंटीमीटरवर भिंतीला काय आहे? पाणी दीडशेच्या वर होतं तोवर रोज दोन सेंटीमीटर जास्त जात होतं. दीडशेच्या खाली आलं आणि थांबलं. चोराला पाण्याची उंची कशाला बघायला हवी?”

चावडीत पुन्हा शांतता झाली. या वेळी ती दारापासून मोडली. वाडीवरचा म्हातारा मांडीवरचं पागोटं बाजूला ठेवून म्हणाला, “आम्ही आलो तेव्हा ओढ्याच्या बाजूला एक डोण होती, गुरांची. पडकी. तिच्यात पाणी कुठून येत असेल, तेव्हा विचारलं नव्हतं.”

राखणदारानं कपाळावर हात मारला. त्याच्या बापाच्या वेळी ती डोण चालू होती. हौदाच्या मागच्या भिंतीतून एक लोखंडी नळ जमिनीखालून ओढ्याकडे उतरला होता, आणि तिथं गुरं पाणी प्यायची. डोण पडली तेव्हा नळाच्या तोंडाला लाकडी बूच ठोकलं, वर चुना लावला, आणि विषय संपला. पुढे हौद कधी एवढा भरलाच नाही. बूच वर्षानुवर्षं कोरडं राहिलं, वाळलं, किडलं. ते आहे हेच गाव विसरलं.

रात्रीच सगळे हौदाकडे गेले. वाडीवरचे चौघे आणि गावातले दहा-बारा, कंदील घेऊन. वाडीवरचा मुलगा आणि राखणदार शिडीनं आत उतरले. मागच्या भिंतीवर शेवाळाचा पडदा होता. राखणदारानं तो हातानं खरवडला. खाली अंगठ्याहून जाड भोक होतं, त्यात कुजक्या लाकडाचा भुगा आणि गाळ अर्धा अडकलेला. पाण्याला वाट होती, पण बारीक. मुलानं मोजपट्टी लावली. भोकाचा खालचा काठ बरोबर दीडशेवर होता.

त्यांनी भोकात घागरभर पाणी ओतलं आणि बाहेरचे दोघे ओढ्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं हाक आली. हिरव्या हरळीच्या मधोमध, दगडाखालून पाणी पाझरत होतं. वाडीच्या वाटेवर, जिथली ओली माती सगळ्यांनी बघितली होती, तिथंच.

वाडीवरच्या मुलाला गप्प बसवेना. तो म्हणाला, “चार हजार लिटर दिवसाला म्हणजे हंडा भरायला सात मिनिटं लागतील एवढीच धार. आवाजसुद्धा येत नाही तिचा.” या वेळी त्याला कुणी गप केलं नाही.

या गोष्टीतला कागद पहिल्यापासून खोटं बोललेला नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. होळीला तीन पोरांनी तीन रीतींनी रेषा काढली आणि तिन्ही जुळल्या. पण तिघांनी सुरुवात एकाच समीकरणातून केली होती. तिघं मिळून साक्षीदार एकच होता, आणि तो हौदावर गेलेला नव्हता. पुढे हौदानं स्वतः साक्ष दिली, दर चौथ्या दिवशी दिली. तेव्हा गावानं त्या बिंदूंमधला जो आकडा हवा होता तोच वाचला. कोणत्या दिवशी, हे विचारलं, कारण दिवस कळला की माणूस शोधता येतो. किती उंचीवर, हे कुणी विचारलं नाही. उंचीवर कुणाला पकडता येत नाही. बिंदूला दोन निर्देशक असतात, हे नववीतलं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरच्याच गवंड्यानं भोकाच्या तोंडात सिमेंट ठासलं. सरपंचांनी बैठकीची वही मागवली, ‘वाडीला दोन हंडे’ ही ओळ खोडली आणि समोर सही केली. मग ते ओढा उतरून वाडीवर गेले. तिथं काय बोलणं झालं ते गावात कुणाला कळलं नाही. परत यायला त्यांना दुपार झाली एवढंच राखणदारानं बघितलं.

पण गेलेलं पाणी गेलंच होतं. पहिल्या अठरा दिवसांत छत्तीस सेंटीमीटर, म्हणजे बहात्तर हजार लिटर, ओढ्यातल्या हरळीनं आणि वाळूनं पिऊन टाकलं होतं. उभ्या अक्षावरच्या २४० आणि २०४ यांच्या मधली जागा ती हीच. हौद आता ऐंशीऐवजी अडुसष्टाव्या दिवशी कोरडा पडणार होता, मृगाच्या बारा दिवस आधी.

मास्तरांनी पोरांना पुन्हा कागद दिला. सगळ्यांनी पाचऐवजी चार हंडे घेतले तर? दोनशे चाळीस हंडे, चार हजार आठशे लिटर, दिवसाला दोन पूर्णांक चार दशांश सेंटीमीटर. वाण्याच्या मुलाचा तक्ता अपूर्णांकांत अडकला. वाडीवरच्या मुलानं मात्र १२०वर पेन्सिल टेकवली आणि पायऱ्या उतरायला लागला. पाच दिवस उजवीकडे, बारा सेंटीमीटर खाली. दहा पायऱ्यांत तळ आला. अठ्ठ्याहत्तरावा दिवस.

गावानं चार हंडे कबूल केले, सरपंचांच्या घरासकट. उरले दोन दिवस. त्यांच्यासाठी टँकर मागायला सरपंच स्वतः तालुक्याला गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि मान वर केली. “एकोणऐंशी आणि ऐंशी? होळीपासून मोजून? लोक आम्हाला ‘वैशाखात कधीतरी’ म्हणून सांगतात.”

सरपंचांनी खिशातून घडी घातलेला आलेख काढून खिडकीत सरकवला. कारकुनानं तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

“हे राहू द्या. तारखा तेवढ्या लिहा.”

सरपंचांनी दोन तारखा लिहिल्या, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांच्यापुढे हौदातली पातळीही लिहिली.